जुन्या संगणकावर लिनक्स : नवख्या वापरकर्त्यासाठी क्रमवार मार्गदर्शन

विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि कंपनीच्या मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक, ते कितीही ठणठणीत चालत असले, तरी त्या यादीबाहेर पडतात. असा संगणक भंगारात काढणे योग्य नाही, आणि सुरक्षा-अपडेट बंद झालेल्या अवस्थेत तो तसाच इंटरनेटला जोडून ठेवणे तर त्याहून वाईट. तिसरी वाट लिनक्ससारख्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची आहे. पत्रव्यवहार, हिशेब, अभ्यास, इंटरनेट एवढ्यासाठी संगणक वापरणाऱ्या कोणालाही ती वाट जमण्यासारखी आहे.

या लेखात लिनक्स मिंट हे एकच उदाहरण धरून सगळ्या पायऱ्या सांगितल्या आहेत. नवख्या माणसाचे घोडे सहसा सिस्टीम इन्स्टॉल करताना अडत नाही. ते अडते नंतर, जेव्हा जुन्या फाइली नीट उघडत नाहीत आणि रोजच्या कामाचा प्रोग्राम सापडत नाही. म्हणून कोणते लिनक्स घ्यावे यापेक्षा आपले काम आज कोणत्या फाइलींत आणि कोणत्या प्रोग्रामांत गुंतले आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि या लेखातही त्याच पायरीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी : नेमके काय बदलणार आहे ते समजून घ्यावे

संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड आणि प्रिंटर यांच्याशी थेट बोलणारा जो गाभ्याचा प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. त्या गाभ्याभोवती फाइली हाताळणारी, वापरकर्त्यांना ओळखणारी, प्रोग्राम सुरू आणि बंद करणारी साधने असतात. त्यांच्यावर आपल्याला पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप असतो, म्हणजे मेन्यू, खिडक्या आणि खालची पट्टी. आणि सर्वांत वर आपण वापरतो ते ब्राउझर, ऑफिस वगैरे प्रोग्राम असतात. विंडोजमध्ये यातले खालचे सगळे थर एकाच कंपनीकडून एकत्र येतात, त्यामुळे ते वेगवेगळे आहेत हे जाणवत नाही. लिनक्सच्या जगात हे थर वेगवेगळ्या लोकांनी तयार केलेले असतात, आणि ते निवडून, जुळवून, तपासून एकत्र देण्याचे काम ज्या गटाने केले, त्याच्या संचाला वितरण किंवा डिस्ट्रो म्हणतात. नावांच्या गर्दीने गोंधळलेल्या माणसाने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे : लिनक्स हे कर्नलचे नाव आहे, आणि डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट ही वितरणांची नावे आहेत.

ही रचना अशी का झाली, हे इतिहासातून कळते. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. संपूर्णपणे मुक्त अशी, युनिक्स या जुन्या सिस्टीमच्या धर्तीची ऑपरेटिंग सिस्टीम उभी करणे हा त्याचा उद्देश होता. पुढच्या काही वर्षांत कंपायलर, एडिटर, शेल अशी बहुतेक साधने तयार झाली, पण वापरण्याजोगे कर्नल हाती आले नव्हते. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण एक कर्नल लिहीत असल्याचे जाहीर केले, आणि १९९२ मध्ये ते ग्नूच्याच परवान्याखाली आणले. तेव्हापासून दोन्ही प्रवाह एकत्र वाहू लागले. आज ॲण्ड्रॉइड फोनच्या मुळाशी हेच कर्नल आहे, आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. नवखा वापरकर्ता लिनक्सला परके समजतो, पण त्याच्या खिशात ते बहुधा आधीपासूनच असते.

या सॉफ्टवेअरला मुक्त ठरवणारी गोष्ट म्हणजे त्याचा परवाना. तो वापरकर्त्याला चार हक्क देतो : प्रोग्राम कोणत्याही कामासाठी चालवणे, त्याचा मूळ कोड वाचून त्यात बदल करणे, प्रती इतरांना देणे, आणि आपण केलेले बदलही इतरांना देणे. लेखकांचा कॉपीराइट कायम राहतो. किंबहुना त्याच कॉपीराइटच्या बळावर हे हक्क टिकवले जातात. लिनक्स कर्नलचा परवाना असे बंधन घालतो की बदललेली प्रत दुसऱ्याला देणाऱ्याने तिचा कोडही खुला ठेवलाच पाहिजे. फ्रीबीएसडीसारख्या दुसऱ्या मुक्त सिस्टीमच्या परवान्यात हे बंधन नाही. घरगुती वापरात या फरकाने काही अडत नाही.

यावर पैसे कोण कमावतो, ही शंकाही रास्त आहे. रेड हॅट, सुसे, कॅनॉनिकल या कंपन्या मोठ्या संस्थांना देखभाल आणि मदत विकतात. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली, यावरून या व्यवसायाचा आवाका कळतो. कर्नलवर काम करणाऱ्यांपैकी बहुतेक जण अशा कंपन्यांचे पगारी अभियंते असतात. फुकट मिळणारी वस्तू कच्ची असणार, हा समज येथे लागू पडत नाही.

दुसरी पायरी : एक वितरण निवडावे आणि त्यावर ठाम राहावे

इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले डेबियन स्वयंसेवकांच्या जोरावर चालते आणि अतिशय स्थिर मानले जाते. त्याच्या आधाराने २००४ मध्ये उबुंटू आले, आणि उबुंटूच्या आधाराने २००६ मध्ये लिनक्स मिंट. रेड हॅटच्या पाठबळावर चालणारे फेडोरा नवनव्या गोष्टी लवकर आणते, म्हणून ते थोड्या अनुभवानंतर घ्यावे. आपल्याकडे सी-डॅकने चेन्नईत विकसित केलेले, डेबियनवर आधारलेले बॉस हेही वितरण आहे. शासकीय कार्यालयांचा आणि भारतीय भाषांचा विचार त्यात आहे. पण घरी बसून शिकणाऱ्याला अडलेल्या ठिकाणी तयार उत्तर सापडणे सर्वांत महत्त्वाचे असते, आणि ते उबुंटू-मिंटच्या बाबतीत सर्वांत सहज सापडते.

मिंट सुचवण्याचे आणखी एक कारण असे, की त्याच्या सिनॅमन डेस्कटॉपवर डाव्या कोपऱ्यातला मेन्यू, खालची पट्टी आणि घड्याळाची जागा विंडोजच्या सवयीला धरून आहे. चार जीबी किंवा अधिक रॅम असेल तर सिनॅमन घ्यावा. त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती घ्यावी. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. निवड झाली, की निदान सहा महिने दुसरे वितरण टाकून पाहण्याचा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वरवर पाहता प्रत्येक वितरण वेगळे दिसते, पण शिकायचे असते ते बहुतांशी सारखेच, आणि दर महिन्याला डिस्क फॉरमॅट करणाऱ्याचे ते शिकणे कधी पुरे होत नाही.

तिसरी पायरी : फाइली आणि प्रोग्राम यांची झडती

विंडोज चालू असतानाच एक कागद घ्यावा आणि आठवडाभरात जे जे प्रोग्राम उघडले जातील त्यांची नावे त्यावर लिहीत जावी. ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, पीडीएफ वाचक, ईमेल यांची चिंता नाही. फायरफॉक्स, क्रोम, व्हीएलसी, थंडरबर्ड हे सगळे लिनक्सवर आहेत. वर्ड आणि एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस येते. साधी पत्रे, तक्ते आणि हिशेब त्यात व्यवस्थित उघडतात. गुंतागुंतीची मांडणी असलेले दस्तऐवज आणि मॅक्रो लिहिलेल्या एक्सेल फाइली मात्र एकेक उघडून तपासाव्या लागतात. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेले आहे. फोटोशॉप, कोरलड्रॉ आणि ऑटोकॅड यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. गिम्प, इंकस्केप, क्रिटा हे चित्रकामाचे चांगले मुक्त प्रोग्राम आहेत, पण ज्याची रोजीरोटी कोरलड्रॉच्या फाइलींवर चालते त्याने त्या संगणकावरून विंडोज काढू नये, एवढे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरून निविदा किंवा विवरणपत्रे भरणाऱ्यांनी टोकनचा ड्रायव्हर आणि संबंधित पोर्टलचा साहाय्यक प्रोग्राम लिनक्ससाठी मिळतो का, हे आधीच पाहून ठेवावे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी याहून मोठा प्रश्न जुन्या फॉन्टचा आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धत रुळण्याआधी, आणि छपाईच्या धंद्यात तर त्यानंतरही बराच काळ, मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी योगेश अशा फॉन्टमध्ये टाइप होत असे. त्या फाइलीत खरे तर देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. गृहनिर्माण संस्थेची जुनी नोटीस घ्या. विंडोजमध्ये तिच्या माथ्यावर ‘सूचना’ असे ठसठशीत दिसते, पण तो फॉन्ट नसलेल्या कोणत्याही संगणकावर, मग तो विंडोजचा का असेना, त्याच ठिकाणी रोमन अक्षरे, उच्चारचिन्हे आणि कंस यांची खिचडी उमटते. लिनक्सवर गेल्यावर ‘फाइली खराब झाल्या’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुधा हेच असते.

यावर उपाय असा : जुने दस्तऐवज एकेक उघडून मजकुरावर कर्सर ठेवावा आणि फॉन्टचे नाव पाहावे. मंगल, निर्मला, कोकिळा, नोटो, मुक्ता असे युनिकोड फॉन्ट असतील तर काही करावे लागत नाही. जुना फॉन्ट असेल तर त्या विशिष्ट फॉन्टसाठी असलेल्या रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, कारण प्रत्येक फॉन्टची अक्षरमांडणी निराळी असते आणि एकाचा रूपांतरक दुसऱ्याला चालत नाही. रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी योग्य अक्षराला लागली आहे का, ‘कार्य’मधला रफार आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र जागेवर आहेत का, एवढे निदान डोळ्यांखालून घालावे. ज्या दस्तऐवजांत पुन्हा बदल करायचाच नाही, ते विंडोजमधूनच पीडीएफ करून ठेवावे. त्यात फॉन्ट बरोबर जातो आणि पान जसेच्या तसे दिसते.

त्यानंतर विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स टाकावे आणि काही आठवडे त्यांतच काम करावे. या दोन्हींच्या विंडोज आवृत्त्या मोफत मिळतात. हात रुळल्यावर खालची सिस्टीम बदलली तरी समोरची साधने तीच राहतात, आणि बदलाचा निम्मा त्रास तेथेच संपतो. दोन्ही गोष्टी एका दिवशी बदलणारा माणूस प्रत्येक अडचणीचा दोष लिनक्सला देतो आणि आठवडाभरात परत फिरतो.

शेवटी बॅकअप. सर्व फाइली एका बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्या, त्यातल्या आठ-दहा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या, आणि मगच पुढे जावे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क यांचीही आठवण ठेवावी.

चौथी पायरी : पेन ड्राइव्ह तयार करावा

लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ नावाची एकच मोठी फाइल उतरवायची असते. ती सुमारे तीन जीबीची आहे. डाउनलोड मध्येच तुटले असेल, किंवा फाइल भलत्याच ठिकाणाहून आली असेल, तर पुढे विचित्र अडचणी येतात, म्हणून तिची पडताळणी करावी. संकेतस्थळावर प्रत्येक आयएसओसमोर एसएचए-२५६ नावाची चौसष्ट अक्षर-अंकांची खूण दिलेली असते. विंडोजवर ७-झिप असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून तीच खूण काढता येते. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर फाइल शाबूत आहे. एका अक्षराचाही फरक पडला तर ती टाकून द्यावी आणि पुन्हा उतरवावी.

आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने ती लिहावी लागते. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह या कामाला घेऊ नये.

पाचवी पायरी : इन्स्टॉल न करता चालवून पाहावे

मुक्त सिस्टीमची ही सोय मला फार मोलाची वाटते. डिस्कवरच्या एकाही फाइलला हात न लावता संपूर्ण लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. संगणक बंद करावा, पेन ड्राइव्ह लावावा, आणि चालू करताक्षणी बूट मेन्यूची कळ दाबत राहावी. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक संगणकांवर ती एफ-१२ असते, एचपीवर एस्केप किंवा एफ-९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला, की दोन-तीन मिनिटांत मिंटचा डेस्कटॉप समोर येतो. पेन ड्राइव्हवरून चालताना तो थोडा संथ वाटतो. डिस्कवर बसवल्यानंतरचा वेग यावरून ठरवू नये.

येथे घाई करू नये. वाय-फाय दिसते का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त होतो का, लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर काम पूर्ववत सुरू होते का, आणि मुख्य म्हणजे आपल्या प्रिंटरवर पान छापून निघते का, हे सगळे एकेक करून पाहावे. गेल्या काही वर्षांतले नेटवर्कला जोडता येणारे प्रिंटर सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात, आणि एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीलिप या मुक्त ड्रायव्हरमुळे चालतात. वाय-फाय दिसले नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगने इंटरनेट घ्यावे आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडून पाहावा. अनेकदा हवा असलेला ड्रायव्हर तेथेच मिळतो.

सहावी पायरी : प्रत्यक्ष इन्स्टॉल करणे

विंडोज पूर्ण काढायचे, की दोन्ही शेजारी ठेवायचे, हे तिसऱ्या पायरीतल्या कागदावरून ठरवावे. त्या कागदावर विंडोजशिवाय न चालणारा एखादा प्रोग्राम असेल आणि डिस्कवर जागा असेल, तर दोन्ही ठेवावे. तसा प्रोग्राम नसेल, तर एकच सिस्टीम ठेवणे सोपे आणि सुटसुटीत.

दोन्ही ठेवणाऱ्यांनी विंडोजमध्ये आधी तीन कामे उरकावी. पहिले, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते पाहावे. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, कारण बूटची मांडणी बदलल्यावर विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर डिस्कवरची माहिती कायमची हातची जाते. दुसरे, पॉवरच्या सेटिंगमधले फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्समधून त्या विभागात फाइली लिहिता येत नाहीत. तिसरे, डिस्क मॅनेजमेंटमधून सी विभाग आक्रसून निदान ५० जीबी, जमल्यास १०० जीबी जागा मोकळी करावी. हे काम विंडोजच्याच साधनाने केलेले बरे.

मग पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करून डेस्कटॉपवरचे इन्स्टॉलचे चिन्ह उघडावे. भाषा, कीबोर्ड आणि मल्टिमीडिया कोडेक यांचे प्रश्न सोपे आहेत; कोडेकच्या चौकटीत खूण करावी, म्हणजे गाणी आणि चित्रफिती लगेच चालतात. खरा थांबून वाचण्याचा पडदा एकच आहे, आणि तो डिस्कविषयीचा आहे. संपूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करणे, किंवा विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करणे, असे पर्याय त्यावर येतात. येथे दोनदा वाचूनच पुढे जावे. विंडोज असूनही शेजारचा पर्याय दिसत नसेल, किंवा डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये डिस्कची पद्धत रेड किंवा इंटेल आरएसटी अशी असण्याची शक्यता असते; अशा वेळी इन्स्टॉल रद्द करून जाणकाराला विचारावे. पुढे आपले नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. हाच पासवर्ड नंतर प्रत्येक महत्त्वाच्या बदलाच्या वेळी मागितला जातो, म्हणून तो लिहून सुरक्षित ठेवावा. बाकीचे काम बहुधा अर्ध्या तासाच्या आत होते.

दोन्ही सिस्टीम ठेवल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसू शकते. संगणकात बिघाड झालेला नसतो. लिनक्स आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येते.

सातवी पायरी : पहिले काही दिवस

सर्वांत आधी खालच्या पट्टीवरचे ढालीचे चिन्ह उघडून सगळे अपडेट घ्यावे. येथले अपडेट सिस्टीमसोबत ब्राउझर, ऑफिस अशा तिच्यातून टाकलेल्या सर्व प्रोग्रामांचेही असतात. त्यानंतर टाइमशिफ्ट उघडून पहिला स्नॅपशॉट घ्यावा. एखाद्या अपडेटनंतर किंवा आपल्याच प्रयोगानंतर काही बिघडले, तर सिस्टीम त्या क्षणाच्या स्थितीत परत नेता येते. मात्र टाइमशिफ्ट सिस्टीमच्या फाइली जपते, आपली कागदपत्रे नव्हे; त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

नवा प्रोग्राम हवा असेल तर संकेतस्थळे धुंडाळू नयेत. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडावा, नाव शोधावे, इन्स्टॉल करावे. तेथले बहुतेक प्रोग्राम वितरणाच्या सांभाळलेल्या भांडारातून सहीनिशी येतात. लिनक्स वापरणाऱ्याला व्हायरसचा त्रास कमी होण्यामागे जी कारणे आहेत, त्यातले हे एक मोठे कारण आहे. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली फाइल चालवून तिला पासवर्ड देणारा माणूस हे संरक्षण स्वतःच काढून टाकतो.

फाइलींच्या रचनेत सी, डी असे विभाग दिसत नाहीत. सगळे एका मुळापासून सुरू होते, पेन ड्राइव्हसुद्धा त्याच झाडाची एक फांदी म्हणून दिसतो, आणि आपले सगळे काम होम या फोल्डरमध्ये राहते. फाइलीच्या रोमन नावातला लहान-मोठ्या लिपीचा फरक येथे धरला जातो, हे लक्षात ठेवावे.

आठवी पायरी : मराठीची सोय

देवनागरी वाचण्यासाठी काही करावे लागत नाही. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला लोहित, गूगलचा नोटो, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता असे चांगले फॉन्ट विनामूल्य आहेत. फॉन्टची फाइल उघडली, की इन्स्टॉलचे बटण येते.

टाइप करण्यासाठी सेटिंगमधल्या कीबोर्डच्या भागात लेआउट या टॅबवर जाऊन नवा लेआउट जोडावा. यादीत भारतीय भाषांखाली मराठीचे पर्याय दिसतात. मराठी इनस्क्रिप्ट सापडला नाही, तर भारतीय देवनागरीचा साधा लेआउटही चालतो. भाषा बदलण्याची कळजोडी तेथेच ठरवता येते. ज्यांनी विंडोजवर इनस्क्रिप्ट वापरले आहे त्यांच्या बोटांना वेगळे काही शिकावे लागत नाही, कारण ही मांडणी भारतीय मानक आहे. ‘ळ’ शिफ्ट-एन वर आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’ यांतला अर्धा र काढताना नवख्यांची हमखास चूक होते : साधा र घेऊन हलन्त दिला, की ‘दुसर्या’ असा रफार होतो. त्याऐवजी शिफ्ट-जे वरचा ऱ घ्यावा, मग डी वरचा हलन्त, आणि मग य. अक्षर बरोबर जुळते.

उच्चाराप्रमाणे रोमन कळांवरून लिहिण्याची सवय असलेल्यांनी आयबस हे टाइप करण्याचे साधन आणि त्याचा एम-१७-एन हा जोड सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकावा, लॉगआउट करून पुन्हा आत यावे, आणि आयबसच्या पसंतीत मराठीची फोनेटिक पद्धत निवडावी. माझा कल मात्र इनस्क्रिप्टकडे आहे. एकदा हातात बसले, की ते कोणत्याही सिस्टीमवर तसेच चालते, आणि लिप्यंतर करणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये आणखी एक बदल करावा. भाषेच्या पर्यायांत कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तेथे मराठी निवडावी, आणि रायटरच्या मूळ फॉन्टच्या यादीत देवनागरीसाठी आवडीचा फॉन्ट ठरवून द्यावा. रोमन आणि देवनागरीचे फॉन्ट हा प्रोग्राम वेगवेगळे ठेवतो. हे माहीत नसल्याने ‘फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षर तेच राहते’ असे अनेकांना वाटते. मासिक किंवा स्मरणिका लावणाऱ्यांनी स्क्राइबस हा पानमांडणीचा प्रोग्राम वापरताना १.६ किंवा त्यापुढची आवृत्तीच घ्यावी, म्हणजे जोडाक्षरे तुटत नाहीत.

नववी पायरी : टर्मिनल, आणि मदत कशी मागावी

रोजच्या वापरात टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्याच्या खिडकीची, गरज पडत नाही, पण मदत करणारे लोक बहुधा आज्ञा लिहून देतात, कारण ती कोणत्याही पडद्यावर सारखीच चालते. सुडो या शब्दाने सुरू होणारी आज्ञा सिस्टीममध्ये बदल करण्याचे अधिकार मागते. तेव्हा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटला नाही, तरी अक्षरे आत जात असतात. टाइप करून एंटर दाबावे. सुडोची आज्ञा काय करते हे समजल्याशिवाय ती चालवू नये, ती कोणीही दिलेली असो. आज्ञेच्या नावाआधी ‘मॅन’ लिहिले, की तिची माहितीपुस्तिका समोर येते.

मदत मागताना संगणकाचे मॉडेल, वितरणाचे नाव आणि आवृत्ती, आपण काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे सांगावे, आणि त्रुटीचा संदेश आला असेल तर तो शब्दशः द्यावा. मॉडेल, वितरण आणि आवृत्ती या बाबी सिस्टीम इन्फर्मेशन या प्रोग्राममध्ये एका बटणात कॉपी होतात. ‘लिनक्स चालत नाही’ एवढ्या वाक्यावर कोणीही काही सांगू शकत नाही. ‘झाकण उघडल्यावर वाय-फाय परत जोडले जात नाही’ या वाक्यावर बहुधा त्याच दिवशी उत्तर मिळते.

मिंटची नवी मुख्य आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. ती आली म्हणून लगेच धाव घेण्याची गरज नाही. चालू मालिकेला अपडेट मिळत आहेत तोवर तिच्यावर राहता येते. बदलायचे ठरले, की आधी कागदपत्रांचा बॅकअप, मग टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, आणि त्यानंतर नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवून वाय-फाय आणि प्रिंटर पुन्हा तपासणे, हा क्रम ठेवावा.